सलाईन आईला, पाणी बाळाला? गर्भारपणात आणि कळांच्या वेळी दिलेल्या द्रवांपैकी बाळापर्यंत काय पोचतं

ओवी_म (धागाकर्ती)

मी भूलतज्ज्ञ आहे, कामाचा बराच वेळ लेबर रूममध्ये जातो. "बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, दोन सलाईन लावून टाका ना" ही विनंती तिथे नेहमीची. आणि दुसरीकडे, कळा सुरू झालेल्या बाईला जो तो घोटघोट पाणी पाजत असतो, वरून सलाईन चालूच असतं, पण दोन्हींचा मिळून हिशोब कुणाकडेच नसतो. एकीकडे सलाईनकडून भलतीच अपेक्षा, दुसरीकडे त्याचा अजिबात धाक नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच शरीरशास्त्र आहे, म्हणून एकाच धाग्यात लिहिते.

आधी बाळाच्या बाजूने बघू. दिवस भरत आले की बाळाच्या खात्यावर साधारण ४ लिटर पाणी जमा असतं: त्याच्या अंगात सुमारे २८०० मिली, वारेत ४०० आणि पाणमोटेत ८००. हे सगळं शेवटी आईकडूनच येतं. पण पाणमोटेतलं पाणी म्हणजे आईच्या रक्तातून पाझरून साठलेलं तळं नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत बरंचसं तसं असतं. बाळाच्या किडन्या १०-११ आठवड्यांच्या सुमारास लघवी करू लागतात, पुढे २२ ते २५ आठवड्यांत त्याची त्वचा पक्की होते आणि त्वचेतून होणारी देवाणघेवाण थांबते. त्यानंतर पाणमोटेतलं बहुतांश पाणी म्हणजे बाळाची लघवी, त्यात थोडी फुप्फुसांतून येणाऱ्या द्रवाची भर. बाळ तेच पाणी गिळतं आणि उरलेलं काही वारेच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्यांतून परत त्याच्याच रक्तात शोषलं जातं. शेवटच्या महिन्यांत ही उलाढाल इतकी मोठी असते की जवळपास अख्खं पाणी दिवसाभरात नवं होतं.

म्हणजे आईला दिलेलं पाणी पाणमोटेत पोचायचं तर आईचं रक्त, वार, बाळाचं रक्त, बाळाच्या किडन्या एवढा प्रवास. यातला नाका म्हणजे वार. वारेतून पाणी दोन्ही बाजूंनी सतत ये-जा करतं. निव्वळ पाणी कुठल्या बाजूला सरकणार हे मुख्यतः दोन्ही रक्तांच्या ऑस्मोलॅलिटीवर, म्हणजे विरघळलेल्या कणांच्या दाटीवर ठरतं. आईचं रक्त पातळ झालं तर पाणी बाळाकडे, दाट झालं तर बाळाकडून आईकडे.

आता बाटल्या बघा. नॉर्मल सलाईनमध्ये लिटरला १५४ मिलीमोल सोडियम. रिंगर लॅक्टेटमध्ये (म्हणजे आरएलमध्ये) १३० च्या आसपास. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडियम शून्य, लिटरला ५० ग्रॅम साखर. ती साखर पेशींनी वापरली की मागे उरतं ते निव्वळ पाणी. मिठाचं सलाईन आईच्या रक्तात आणि ऊतींमध्ये मुक्काम करतं, तिचे पाय सुजवतं, पण रक्ताची दाटी फारशी बदलत नाही. त्यामुळे बाळाकडे त्यातलं विशेष काही सरकत नाही. साधं पाणी मात्र, मग ते तोंडाने प्यायलेलं असो वा डेक्स्ट्रोजच्या रूपाने शिरेतून गेलेलं, आईचं रक्त पातळ करतं आणि बाळाकडे वाट धरतं.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. १९९१ मध्ये किलपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी पाणी कमी असलेल्या बायकांना नेहमीपेक्षा २ लिटर जास्त पाणी प्यायला लावून पुन्हा सोनोग्राफी केली, एएफआय (सोनोग्राफीत मोजलेला पाणमोटेतल्या पाण्याचा आकडा) वाढलेला दिसला. १९९८ मध्ये दोई आणि सहकाऱ्यांनी तोंडाने पाणी, शिरेतून पातळ द्रावण आणि शिरेतून मिठाचं नेहमीचं द्रावण असे तीन प्रकार शेजारी शेजारी तपासले. पहिल्या दोन्हींत एएफआय वाढला, तिसऱ्यात नाही. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात (एका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) चार अभ्यास आणि १२२ बायका होत्या, निष्कर्ष त्याच दिशेचा: पाणी कमी असलेल्यांत पिण्याने एएफआय सरासरी २ सेंमीने वाढतो, मिठाच्या सलाईनने मोजण्याजोगा फरक पडत नाही.

तेव्हा "पाणी कमी आहे, आरएल लावा" यातून बाळाभोवतीचं पाणी वाढण्याची आशा धरू नये. बाई उलट्या-जुलाबांनी सुकलेली असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरएल हवंच, पण ते तिच्यासाठी.

कळांच्या वेळचं प्रतिसादांत लिहिते, हा भाग लांबला.


चकोर

वेळेवर धागा आला! मला ३३ वा आठवडा चालू आहे. परवाच्या रिपोर्टमध्ये एएफआय ६.५. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या आणि आठवड्याने पुन्हा या एवढंच सांगितलं. घरात मात्र सगळ्यांनी धसका घेतलाय. सासूबाई तासातासाला तांब्या घेऊन उभ्या. किती प्यायचं आणि किती वेळाने फरक दिसतो?


गणिती

लेख आवडला. पण आकड्यांनी पोट भरलं नाही, म्हणून विचारतो.

> आईचं रक्त पातळ झालं तर पाणी बाळाकडे

साठ किलोच्या गर्भवतीच्या अंगात ३५-४० लिटर पाणी धरू. २ लिटर साधं पाणी त्यात मिसळलं तर दाटी फार तर ५ टक्क्यांनी उतरेल. म्हणजे २८० ची २६६. एवढ्याशा फरकाने वारेतून पाणी ओढलं जातं?

दुसरं, आरएलची ऑस्मोलॅलिटी बाटलीवर २७३ लिहिलेली असते. गर्भवतीचं रक्त २८० धरलं तर आरएलसुद्धा पातळच की. मग त्याने का होत नाही?


ओवी_म

गणिती, प्रश्न नेमके आहेत.

"एवढासा" फरक शरीराच्या लेखी मोठा असतो. दाटी दोनेक टक्क्यांनी हलली तरी मेंदू तहान आणि लघवी रोखणारं एडीएच हार्मोन दोन्हींचे दर बदलतो. गरोदरपणात तर हा काटाच खाली सरकवलेला असतो: एरवी २९० च्या आसपास असणारी ऑस्मोलॅलिटी सुमारे १० ने उतरते, सोडियम ४-५ ने कमी होतं आणि शरीर तेच नॉर्मल मानून चालतं. तुमचे १४ अंक प्रत्यक्षात येत नाहीत, कारण निरोगी किडनी दोन-तीन तासांत बरंचसं पाणी लघवीवाटे काढून टाकते. काही अंकांची घसरण होते, तीही थोडा वेळ. पण वारेचं क्षेत्रफळ मोठं आणि देवाणघेवाण प्रचंड वेगाची, म्हणून तेवढ्यानेही निव्वळ प्रवाहाची दिशा ठरते.

आरएलबद्दल: एक लिटर आरएलने २८० ची २७९.८ होईल, यावर कोण हलणार! शिवाय बाटलीवरचे आकडे कागदावरच्या बेरजेचे असतात. नॉर्मल सलाईनवर ३०८ लिहिलेलं असतं, प्रयोगशाळेत मोजलं तर २८६ च्या आसपास भरतं, कारण द्रावणात सगळे कण सुटे सुटे वागत नाहीत.

चकोर, तुझ्यासाठी शिंपला यांना हाक मारते. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, हे त्यांचं घरचं मैदान.


शिंपला

आले.

चकोर, आधी मोठा श्वास घे. ६.५ म्हणजे 'कमी' नाही, कमीच्या वेशीजवळ. एएफआय ५ किंवा त्याखाली गेला की आम्ही कमी म्हणतो. आणि हा आकडा कसा येतो ते कळलं की निम्मी धास्ती जाते. पोटाचे चार भाग करायचे, प्रत्येकात पाण्याचा सगळ्यात खोल उभा कप्पा शोधायचा, चारही सेंटिमीटर बेरजेत टाकायचे. १९८७ मध्ये फेलन यांनी ही पद्धत मांडली. बाळाने कूस बदलली, नाळेचा वेटोळा कप्प्यात आला, प्रोब जरा जोरात दाबला गेला की आकडा बदलतो. एकाच बाईची एकाच दुपारी दोघांनी सोनोग्राफी केली तरी एखाद-दीड सेंटिमीटरचा फरक मला नवल वाटायला लावत नाही. म्हणून बरेच जण आता नुसता एक सगळ्यात खोल कप्पा मोजतात: २ सेंमीच्या वर असेल तर पुरे. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दिसलं ते असं, की एएफआयने 'पाणी कमी' हा शिक्का जास्त जणींवर बसतो, कळा आणण्याची औषधं जास्त जणींना दिली जातात, पण बाळांचं त्याने काही जास्त भलं होत नाही.

पाणी किती? अभ्यासांत साधारण दोन तासांत २ लिटर पाजून काही तासांनी मोजत. ती परीक्षेची पद्धत, रोजच्या जगण्याची नव्हे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा हिशोब गर्भवतीला दिवसाला एकूण २.३ लिटर पाणी असा आहे, जेवणातलं पाणी धरून. अमेरिकन आकडा एकूण ३ लिटर, त्यातले २.३ पिण्याचे. तहान आणि लघवीचा रंग बघत त्या आसपास राहा. लघवी फिकट पिवळी असेल तर सासूबाईंना तांब्या खाली ठेवायला सांग.

मी असते तर आकड्यापेक्षा आधी कारणाकडे बघितलं असतं. अंगावर पाणी गेल्यासारखं वाटतंय का, कपडा सारखा ओला होतोय का? पाणमोट फुटून झिरपत असेल तर वरून कितीही ओता, उपयोग शून्य, आणि त्यात जंतुसंसर्गाचा धोका वेगळा. दुखण्याची गोळी चालू आहे का? आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक बाळाच्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये २० आठवड्यांनंतर या गोळ्या टाळायचा इशारा दिला तो याच पाण्यामुळे. रक्तदाबाच्या एनालाप्रिलसारख्या गोळ्या तर गरोदरपणात नकोतच. मग बाळाची वाढ आणि डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. वार नीट काम करत नसेल तर बाळ रक्त मेंदूकडे वळवतं, किडनीला कमी मिळतं, लघवी घटते आणि पाणी उतरतं. तिथे पाणी कमी होणं ही खूण आहे, दुखणं वारेचं. पाणी पाजून खूण थोडी पुसता येईल, वार सुधारत नाही.


मीराची_आई

शिंपला, ही शेवटची दोन वाक्यं प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या दारावर लावायला हवीत.


गणिती

मग माझा खरा प्रश्न: एएफआय २ सेंमीने वाढला, छान. पण त्यामुळे बाळं जास्त सुखरूप जन्मली, सिझेरियन कमी झाली, असं कुणी दाखवलंय? की आपण नुसता रिपोर्टवरचा आकडाच बरा करतोय?


ओवी_म

त्याच कॉक्रेन आढाव्यात ते स्पष्ट लिहिलंय: या अभ्यासांनी बाळाच्या दृष्टीने महत्त्वाचा एकही परिणाम मोजलेला नव्हता. सोनोग्राफीतली वाढ खरी, तिचा उपयोग सिद्ध नाही. माझं मत असं, की निरोगी बाईला नीट पाणी प्यायला सांगण्यात धोका नगण्य, म्हणून सांगावं. पण त्यासाठी भरती करून सलाईनवर ठेवण्यामागे पुरावा नाही.

यंत्रणाही पूर्ण सुटसुटीत नाही बरं का. फ्लॅक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पाणी कमी असलेल्या बायकांना २ लिटर पाजून बघितलं. एएफआय वाढला, गर्भाशयाच्या रोहिणीतला रक्ताचा वेगही वाढला, पण बाळाच्या लघवीत वाढ सापडली नाही. म्हणजे नुसता 'जास्त पाणी, जास्त लघवी' एवढाच मामला नसावा, वारेच्या बाजूने होणारं शोषणही कमी होत असेल.

याच्या पुढची पायरीही करून झालीय. १९९६ मध्ये रॉस यांच्या गटाने पाणी पाजून वर डेस्मोप्रेसिन दिलं, म्हणजे लघवीच रोखली. आईची ऑस्मोलॅलिटी २८५ वरून २६५ वर आली आणि एएफआय दुप्पट झाला. तत्त्व सिद्ध झालं. पण २६५ म्हणजे सोडियम धोक्याच्या पातळीला, असल्या गोष्टी देखरेखीखालच्या प्रयोगातच ठीक. आता लेबर रूममध्ये हाच प्रयोग नकळत कसा होतो ते बघा.


अवांतर_बहाद्दर

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन.


ओवी_म

कळांच्या वेळी बाईच्या अंगात एडीएचचा अंमल आधीच चढलेला असतो: वेदना, मळमळ, ताण. त्यात कळा वाढवायला दिलेलं ऑक्सिटोसिन. हे एडीएचचं सख्खं भावंड, जास्त मात्रेत ते किडनीला लघवी रोखायला लावतं. म्हणजे एरवी तासाभरात पाऊण लिटर पाणी सहज बाहेर टाकणारी किडनी या वेळी दार लावून बसलेली. अशात साधं पाणी किंवा डेक्स्ट्रोज आत येत राहिलं तर जाणार कुठे? आईचं रक्त पातळ होतं, सोडियम उतरतं आणि वारेपलीकडे बाळाचं सोडियमही तिच्यामागोमाग उतरतं.

पूर्वी ऑक्सिटोसिन डेक्स्ट्रोजच्या बाटलीत घालून थेंबाथेंबाने सोडण्याची पद्धत सरसकट होती. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नवजात बाळांच्या कमी सोडियमवर एक अभ्यास आला, कारण होतं आयांना दिलेलं जास्तीचं पाणी. अजूनही कुठे कुठे हीच बाटली लटकताना दिसते. स्वीडनमधल्या २००९ च्या अभ्यासाने तर माझ्यासारख्यांची झोप उडवली. २८७ बायका होत्या. कळांदरम्यान अडीच लिटरहून जास्त द्रव पोटात किंवा शिरेत गेलेल्यांपैकी २६ टक्के जणींचं सोडियम १३० किंवा त्याखाली. आणि त्या द्रवांपैकी सुमारे दोन तृतीयांश तोंडाने गेलेलं होतं! दोष नुसता बाटलीवर टाकून सुटका नाही. त्याच अभ्यासात सोडियम उतरलेल्यांत ढकलण्याचा टप्पा लांबलेला दिसला, चिमटा किंवा व्हॅक्यूम जास्त लागला. आता पातळ रक्तामुळे गर्भाशय दमलं की लांबलेल्या कळांमुळे जास्त पाणी पोटात गेलं, याचा निवाडा असल्या निरीक्षणातून होत नाही.


निळीशाई

नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. पलीकडच्या टोकाचं सांगते. पूर्ण दिवसांचं बाळ, वजन छान, रडलं पण चांगलं. काही तासांनी सुस्त पडतं, ओढत नाही, ओठ चाटल्यासारखे करतं, मग एका हाताला बारीक झटके. साखर बघतो, ठीक. रक्त पाठवतो, सोडियम १२२. मग आईचं काढायला सांगतो तर तिचंही १२४. बाळाच्या किडनीने हा घोळ केलेला नसतो, ते वारेतून तसंच आलेलं असतं. दुरुस्ती बहुतेक वेळा बाळ स्वतःच भरपूर शू करून करतं, पण झटके आले की वाट बघत बसता येत नाही.

आणि साखर 'ठीक' असते तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडतो, कारण डेक्स्ट्रोजचा तो दुसरा फटका. आईला भराभर साखर गेली की ती वारेतून बाळाकडे जाते. इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही, म्हणून बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन तेवढंच चढलेलं, आणि बाळाची साखर कोसळते. पाचशेच्या एका बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. ती ८ तासांत गेली तर फारसं काही नाही, अर्ध्या तासात मोकळी सोडली तर गोष्ट वेगळी.


मीराची_आई

आता माझं ऐका. मीराच्या वेळी कळा दोन रात्री चालल्या. सलाईन, एपिड्युरल, परत सलाईन, शेवटी सिझेरियन. माझे पाय इतके सुजले की चपला शिरेनात. मीराचं जन्मवजन ३.२ किलो. तिसऱ्या दिवशी २.८८. वॉर्डात एकच ओरड: दहा टक्के वजन उतरलं, दूध पुरत नाहीये, वरचं सुरू करा. ती मात्र लंगोटामागून लंगोट भिजवत होती, डोळे टकटकीत, चोखत होती नीट. मी रडून रडून अर्धी झाले. घरी आल्यावर चार-पाच दिवसांत वजन वर यायला लागलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं की त्यातलं काही पाणी माझ्या सलाईनचंच होतं, तर!

हे खरंच तसं असतं ना? की मी आता सोयीचं वाचतेय?


ओवी_म

त्यात तथ्य आहे. २०११ मध्ये यावर दोन अभ्यास आले. चँट्री यांच्या अभ्यासात कळांदरम्यान आईच्या अंगात तासाला २०० मिलीहून जास्त निव्वळ शिल्लक पडली असेल, तर बाळाचं वजन १० टक्क्यांहून जास्त उतरण्याची शक्यता वाढलेली दिसली. नोएल-वाइस यांच्या कॅनडातल्या अभ्यासात लंगोट तोलले होते: ज्या आयांना जास्त द्रव गेला त्यांच्या बाळांनी पहिल्या दिवसात जास्त शू केली आणि वजनही जास्त उतरलं. त्यावरून त्यांनी सुचवलं की घट मोजताना जन्मवजनाऐवजी २४ तासांचं वजन पाया धरावं.

धाग्याच्या सुरुवातीचं वाचून कुणी विचारेल, मिठाचं सलाईन आईकडेच राहतं ना, मग वजन कसं वाढलं? मी एकेका बाटलीबद्दल बोलत होते. तासन्‌तास लिटरमागून लिटर जातं तेव्हा मीठ आणि पाणी दोन्ही सावकाश वार ओलांडतात, त्यात आईची प्रथिनं पातळ होतात आणि तोंडाने प्यायलेलं पाणी असतंच. शिवाय आईच्या छातीवरही सूज येते, बाळाला नीट पकडता येत नाही, दूध उतरायला वेळ लागतो. म्हणजे वजनघटीतला एक भाग खोटा आणि एक खरा, असंही एकाच बाळात होऊ शकतं.


निळीशाई

याला मोठ्ठं +१, पण एक खिळा ठोकून ठेवते. "सलाईनचं पाणी आहे, उतरेलच" म्हणत खरंच उपाशी असलेलं बाळ घरी पाठवलेलंही पाहिलंय. सुकलेल्या बाळाचं सोडियम वर जातं, तेही तितकंच वाईट. फरक लंगोटात दिसतो. जास्तीचं पाणी काढणारं बाळ पहिल्या दिवसापासूनच भरपूर, पाण्यासारखी शू करतं. उपाशी बाळाची शू कमी आणि गडद, लंगोटावर विटकरी डाग, तिसऱ्या-चौथ्या दिवशीही शी काळीच. शंका असेल तर पाजताना कुणी जाणत्याने शेजारी बसून बघावं.


गणिती

चँट्री, नोएल-वाइस दोन्ही निरीक्षणं. ज्यांना जास्त सलाईन लागलं त्यांच्या कळाही लांब, सिझेरियन जास्त, दूध उशिरा. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून कुणी बघितलंय का?


ओवी_म

बघितलंय. नेहमीइतकं सलाईन विरुद्ध हात राखून दिलेलं सलाईन अशी चाचणी २०१२ मध्ये आली, बाळांच्या वजनघटीत दोन गटांत फरक निघाला नाही. म्हणून मी "सलाईनमुळे वजन उतरतं" असं सरसकट म्हणत नाही. जास्त सलाईन गेलेलं असेल तर जन्मवजनावर डोळे मिटून विसंबू नका, इतपतच म्हणते.


अवांतर_बहाद्दर

माझी वहिनी उलट्या गटातली, तिला पाणी जास्त आहे म्हणे. मग तिने पाणी कमी प्यायचं का?


शिंपला

अजिबात नाही. एएफआय २४-२५ च्या वर गेला तर आधी साखर तपासायची. आईची साखर जास्त असली की बाळाचीही वाढते आणि ते जास्त लघवी करतं. नाहीतर बाळाला गिळायला अडचण आहे का, जुळी आहेत का, हे बघायचं. तहान मारून पाणमोट रिकामी होत नाही, बाई तेवढी सुकते.

पाणी हात राखून द्यायची वेळ खरी येते ती प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाच्या आजारात. तिथे रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात, जास्तीचं सलाईन फुप्फुसांत उतरतं. म्हणून ब्रिटनच्या नाइस या उपचारांच्या सूचना काढणाऱ्या संस्थेच्या सूचनांत तासाला ८० मिलीची मर्यादा आहे, रक्तस्राव वगैरे नसेल तर. लघवी कमी होतेय म्हणून बाटली मोकळी सोडायचा मोह तिथे आवरावा लागतो.


गणिती

ओवी, वारेतून पाणी जातं ते पेशींच्या फटीतून की आरपार?


ओवी_म

दोन्ही. आरपार जायला पेशींच्या पडद्यात पाण्यापुरत्या खिडक्या असतात, ॲक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर अॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. वारेत आणि पाणमोटेच्या पडद्यांत यांचे अनेक प्रकार आहेत. ज्या उंदरांत पहिल्या क्रमांकाचं ॲक्वापोरिन काढून टाकलं त्यांच्या पिल्लांभोवती पाणी जास्त साठलं, म्हणजे शोषणाच्या वाटेवर त्या खिडक्यांचं काम आहे. माणसात यावर औषध मात्र अजून काही नाही.


चकोर

आठवड्याने परत जाऊन आले. एएफआय ८, खोल कप्पा ३.४, डॉपलर आणि वाढ नॉर्मल. दुखण्याच्या गोळ्यांचं तुम्ही विचारलंत ते खरंच निघालं, पाठीसाठी मीच अधूनमधून घेत होते, बंद केल्या. पाण्याने वाढलं की गोळ्या बंद केल्याने की नुसतं मोजमाप बदललं, देव जाणे.

आता कळांच्या वेळचं: मी काय मागू शकते? डॉक्टरांना शिकवायला गेल्यासारखं वाटायला नको.


शिंपला

गोळ्यांचं तुझ्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाल, फाईलमध्ये लिहून घ्यायला सांग.

मागायचं म्हणशील तर, सगळं सुरळीत असेल तर सलाईन लागतंच असं नाही, हे मोकळेपणाने विचार. ऑक्सिटोसिन लागलं तर ते पंपावर, थोड्या सलाईनमध्ये दाट करून देता येतं. हा प्रश्न विचारल्याचा कुठल्याही शहाण्या डॉक्टरला राग येणार नाही. प्यायचं ते तहानेपुरतं. नाइसच्या सूचनांत तर साध्या पाण्यापेक्षा क्षार असलेलं पेय बरं पडू शकतं असंही म्हटलंय.


ओवी_म

आणि लघवीला दर दोन-तीन तासांनी जाऊन ये, ती किती झाली तेही सांग. डोकं खूप दुखायला लागलं, मळमळ वाढली, गुंगी आली तर "कळांमुळे असेल" म्हणून सोडू नका, सोडियम बघायला सांगा.


निळीशाई

सोबत जे कुणी असेल त्यांना एक कागद-पेन दे. सलाईनची नोंद आम्ही ठेवतो, तोंडाने गेलेल्याची कुणीच ठेवत नाही. बाटलीवरच्या खुणा बघून मिलीत लिहायचं. "दोन-तीन घोट" लिहिलेलं आम्हाला बेरजेत धरता येत नाही.